पायाची खबर ठेवणारे बूट

लहान मुलांच्या दिवे लागणाऱ्या बुटाची टाच एकदा कापून पाहण्यासारखी असते. जाड तळाच्या आत एक पोकळी, आणि तिच्यात पारदर्शक गोंदाने पक्का बसवलेला, आगपेटीहूनही लहान ठोकळा. त्यात एखाद-दोन बटनसेल, काळ्या राळेच्या ठिपक्याखाली झाकलेली चिप आणि एका कडेला बारीक तारेची स्प्रिंग. स्प्रिंगच्या पोटातून एक ताठ तार जाते, पण ती स्प्रिंगला कुठेही टेकत नाही. पाऊल आपटले की स्प्रिंग थरथरते, मधल्या तारेला क्षणभर शिवते, आणि तेवढ्या स्पर्शाने चिपला जाग येते. कोणता दिवा आधी, कोणता नंतर, किती वेळ, हे सगळे पुढे चिप ठरवते. म्हणून पाऊल टेकून झाले तरी दिवे आणखी थोडा वेळ लुकलुकत राहतात.

आपल्याकडे नुकत्याच चालू लागलेल्या मुलांना चूं चूं वाजणारे बूट घालतात. त्यांत वीज नसते. टाचेतल्या हवेच्या कप्प्यावर वजन पडले की हवा इवल्या पिपाणीतून बाहेर पडते, इतकेच. पण त्यांचा उपयोग खरा आहे. पोर ओट्याकडे निघाले की जिन्याकडे, हे आईला पाठ फिरवूनही कळते. बूट खबर देतो, ती कोणीतरी ऐकते आणि उठून धावते. बुटात बसवलेल्या प्रत्येक यंत्राला मी हाच प्रश्न लावून पाहतो: खबर कोणाला मिळते, आणि ती मिळाल्यावर तो माणूस काय करतो?

दिव्यांच्या बुटांनी पहिली मोठी लाट उठवली ती अमेरिकेत, 1992 साली, एल. ए. गिअर या कंपनीने. सुरुवातीच्या काही जोडांत स्प्रिंगऐवजी पारा होता. छोट्या कुपीत पाऱ्याचा थेंब असे, आणि पाऊल कलले की तो घरंगळून दोन तारांना जोडत असे. पारा विषारी, आणि मुलांचे बूट वर्षभरात कचऱ्यात जाणारे. मिनेसोटा राज्याने त्यावर हरकत घेतली, आणि पारा जाऊन स्प्रिंगसारख्या निरुपद्रवी युक्त्या आल्या. दिव्यांचा रंग त्या काळी मुख्यतः लाल होता, कारण स्वस्त आणि ठळक एलईडी तेव्हा लालच मिळत. झगझगीत निळा एलईडी जपानमध्ये 1993 मध्ये शुजी नाकामुरा यांनी करून दाखवला. निळ्यावरून पांढरा आला, आणि मग मुलांच्या टाचांतही सगळे रंग उतरले. या निळ्या दिव्यासाठी नाकामुरा, अकासाकी आणि अमानो यांना 2014 चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले.

या ठोकळ्यातला सेल बदलता येत नाही. सीआर 2032 या सर्वांच्या परिचयाच्या बटनसेलमध्ये साधारण 220 मिलीअँपिअर-तास वीज मावते. दिव्यांना मिळून 10 मिलीअँपिअर लागतात असे धरले, तर सगळे मिळून बावीस तास उजेड. एकेका वेळी दोन सेकंद दिवे लागले, तर चाळीसेक हजार वेळा. पोर दिवसभर उड्या मारणारे असेल तर दिवे बुटाच्या आधी जातात. एक गोष्ट मात्र घरात मूल असलेल्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी. टाच झिजून फाटली आणि सेल बाहेर आला, तर तो ताबडतोब मुलाच्या हातून काढून घ्या. रुपयाएवढा लिथियमचा सेल गिळून अन्ननलिकेत अडकला, तर ओलाव्यातून वीज वाहून तिथे तीव्र क्षार तयार होतो आणि दोन तासांत आतून गंभीर भाजते. सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट न पाहता थेट रुग्णालय गाठायचे.

मोजमाप करणारे बूट दिव्यांच्या बुटांहून जुने. अदिदासने 1984 मध्ये मायक्रोपेसर आणला. त्याच्या डाव्या बुटाच्या चवड्यात सेन्सर होता आणि नाडीच्या वर एक छोटा पडदा. पळालेले अंतर, वेग आणि खर्च झालेल्या कॅलरी त्यावर दिसत. 1986 मध्ये प्यूमाने टाचेत यंत्र बसवलेला आरएस काँप्युटर बूट काढला. धावून आल्यावर तो वायरने अ‍ॅपल किंवा कमोडोर संगणकाला जोडायचा, की पळण्याचा हिशेब पडद्यावर. त्यामागे पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातले चालीचे अभ्यासक पीटर कॅव्हनॉ होते. पुढे वायरही गळाली. नायकी आणि अ‍ॅपलने 2006 मध्ये डाव्या बुटाच्या आतल्या तळाखाली बसणारी चपटी गोटी आणली. आत दाबाने वीज निर्माण करणारा पदार्थ, आणि त्यातून निघणारा संकेत बिनतारी आयपॉडला. ती पाऊल जमिनीवर किती वेळ टेकलेले आहे तेवढे मोजायची. माणूस जितका जोरात पळतो तितका हा वेळ कमी, त्यावरून वेग, आणि वेगावरून अंतर. आजच्या बुटांत बहुधा सिलिकॉनचा त्वरणमापक असतो. त्यात सिलिकॉनच्याच नाजूक पट्ट्यांवर तोललेले अतिसूक्ष्म वजन असते. पाय उचलला, आपटला, वळला की ते किंचित हलते, आणि त्या हलण्याचे आकडे होतात.

पायाने यंत्राला खबर देण्याची एक जुनी हकिकत इथे सांगितली पाहिजे. 1961 मध्ये गणितज्ञ एडवर्ड थॉर्प आणि माहिती सिद्धांताचे जनक क्लॉड शॅनन यांनी सिगारेटच्या पाकिटाएवढा संगणक बनवला. रूलेटच्या चाकावरची गोळी कोणत्या भागात थांबेल याचा अंदाज बांधणे हे त्याचे काम. चाक आणि गोळी नजरेसमोरून गेली की खेळणारा बुटातली बटने पायाच्या अंगठ्याने दाबायचा, आणि उत्तर दुसऱ्या खेळाडूच्या कानात स्वर होऊन पोचायचे. लास व्हेगासमध्ये त्यांनी ते चालवून पाहिले. अंगावर वागवायचा पहिला संगणक म्हणून त्याचे नाव घेतात. नेवाडा राज्याने 1985 मध्ये अशा यंत्रांवर कायद्याने बंदी आणली.

धावपटू काय, थॉर्प काय, यांचे पाय धडधाकट होते. यंत्र बंद पडले असते तरी खडा टोचल्यावर त्यांनी पाय मागे घेतलाच असता. ज्याच्या तळव्याला खडा कळतच नाही त्याच्या बुटात यंत्र घालायचे, तर काम निराळे होते. ते फार आधी आणि मोठ्या चिकाटीने करून पाहिले ते पॉल ब्रँड यांनी.

ब्रँड यांचा जन्म 1914 चा, तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरातला, मिशनरी घरातला. शल्यचिकित्सक होऊन 1946 मध्ये ते वेल्लूरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले आणि कुष्ठरुग्णांचे हात-पाय तपासू लागले. त्या काळी सर्वांची समजूत अशी, की या रोगात मांस आपोआप सडते आणि बोटे झडतात. ब्रँड यांना वर्षानुवर्षांच्या निरीक्षणातून दिसले ते वेगळेच. रोग नसा मारतो, वेदना जाते, आणि वेदना गेलेला माणूस स्वतःला इजा करत राहतो. तापलेले भांडे हातात धरून ठेवतो, चपलेतून वर आलेल्या खिळ्यावर दिवसभर चालतो. जखम झाली तरी लंगडत नाही, म्हणून ती भरत नाही. खिळा किंवा काच लागावीच असेही नाही, हेही त्यांच्या ध्यानात आले. साधाच दाब एकाच जागी हजारो वेळा पडला तरी आतले मांस सुजते आणि अखेर फुटते. निरोगी माणूस लांब चालला की नकळत वजन टाचेवरून कडेला, कडेवरून चवड्यावर सरकवतो. बधिर पायाचा माणूस पहिल्या पावलापासून शेवटच्या पावलापर्यंत अगदी एकसारखा चालतो, आणि तेच त्याला भोवते.

1966 मध्ये ते अमेरिकेत लुइझियाना राज्यातल्या कारव्हिल इथल्या कुष्ठरुग्णालयात गेले. दाबाने फुटणाऱ्या सूक्ष्म कुप्यांमध्ये रंग भरून त्यांनी पातळ मोजे बनवले. रुग्ण थोडा वेळ चालला की जिथे दाब जास्त तिथे रंग उतरायचा, आणि बुटाचा तळ नेमका कुठे कोरायचा हे कारागिराला दिसायचे. एवढ्यावर ते थांबले नाहीत. वेदनेलाच पर्याय बनवायचा म्हणून त्यांनी इंजिनिअर जोडीला घेतले. हातमोज्यांच्या बोटांत आणि बुटांत दाबाचे सेन्सर बसवले, आणि दाब ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की रुग्णाच्या कानात आवाज व्हावा अशी जोडणी केली.

सेन्सर घामाने गंजत, वाकून तुटत, आणि भलत्या वेळी बोलत. पण या अडचणी सुटण्यासारख्या होत्या. खरी अडचण माणसात होती. आवाज कानात होत असतानाही रुग्ण हातातले काम पुरे करायचे. आवाजाऐवजी दिवा लावून पाहिला, तरी तेच. शेवटी काखेत, जिथे संवेदना शाबूत असे, तिथे विजेचा चटका देऊन पाहिला. चटका लागायचा, रुग्ण दचकायचा, आणि पुढच्या वेळी जड काम करायचे असले की आधी यंत्र बंद करायचा, काम उरकायचा आणि यंत्र पुन्हा चालू करायचा. काही वर्षांच्या खटपटीनंतर तो प्रकल्प सोडून द्यावा लागला. ब्रँड यांनी काढलेला निष्कर्ष असा, की वेदनेचे बटन आपल्या हातात नसते, म्हणूनच ती आपले रक्षण करते. बुटातल्या इलेक्ट्रॉनिक्सबद्दल लिहिले गेलेले सगळ्यात मोलाचे पान मला हेच वाटते, कारण ते हरलेल्या प्रयोगातून आले आहे आणि पुढच्या प्रत्येक प्रयोगाला ते गाठावे लागते.

आज हा प्रश्न मुख्यतः मधुमेहाचा झाला आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेह असलेले सुमारे 10 कोटी 10 लाख लोक आहेत. साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की नसा बिघडतात, आणि सगळ्यात लांब नसा आधी बिघडतात. त्या पायाच्या बोटांकडे जाणाऱ्या असतात. आधी मुंग्या, मग आग, आणि मग काहीच नाही. हे काहीच नाही आले की घरचे म्हणतात, बरे झाले, त्रास थांबला. खरा धोका तिथून सुरू होतो. अंगठ्यामागच्या चवड्याखाली घट्टा धरतो, घट्टा वाढून स्वतःच खड्यासारखा आत दाबू लागतो, आणि त्याच्या खाली जखम होते. ती मोज्यावर डाग दिसेपर्यंत कळत नाही. उशीर झाला तर बोट, आणि कधी पाय, काढावा लागतो.

या पायांसाठी बनवलेल्या एका इनसोलची, म्हणजे बुटाच्या आतल्या तळाची, इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या संशोधकांनी नीट परीक्षा घेतली. तिचे निष्कर्ष 2019 मध्ये लॅन्सेटच्या डिजिटल हेल्थ या नियतकालिकात आले. पातळ इनसोलमध्ये आठ जागी दाबाचे सेन्सर, बुटाला अडकवलेली डबी आणि मनगटावर घड्याळ. पायाच्या बारीक रक्तवाहिन्यांतला दाब साधारण पाऱ्याच्या 35 मिलिमीटरएवढा धरतात. बाहेरचा दाब त्याहून जास्त आणि सलग राहिला तर तिथे रक्त पोचत नाही. म्हणून यंत्र एकेका पावलावर ओरडत नव्हते. पंधरा मिनिटांचा हिशेब ठेवून, एखादी जागा जवळपास पूर्ण वेळ दाबाखाली राहिली तरच घड्याळ इशारा द्यायचे आणि पायाच्या चित्रावर ती जागा दाखवायचे. मग रुग्णाने काय करायचे? उभा असेल तर बसायचे, बसला असेल तर पाय उचलायचा, नाहीतर चार पावले चालून वजन हलवायचे.

या अभ्यासात आधी पायाला जखम होऊन गेलेले 58 रुग्ण होते, आणि यंत्र सगळ्यांच्याच बुटात होते. फरक एवढाच, की एका गटाला इशारे मिळत आणि दुसऱ्या गटाच्या यंत्रात नुसती नोंद होई. दीड वर्षाच्या शेवटी इशारे मिळणाऱ्या गटात पुन्हा जखम होण्याचे प्रमाण 71 टक्क्यांनी कमी निघाले. अभ्यास लहान आहे, हे लक्षात ठेवूनच हा आकडा वाचायला हवा. पण कारव्हिलला जे फसले ते इथे काही अंशी का साधले, याचा विचार करण्यासारखा आहे. मला वाटते, सांगायची वेळ बदलली. ब्रँड यांचे यंत्र माणसाला हातातले काम अर्धवट टाकायला सांगत होते. हे यंत्र पाव तासाने, करण्याजोगी एक छोटी गोष्ट सांगते. शिवाय ज्यांनी एकदा जखमेपायी महिनोन् महिने अंथरुणात काढले आहेत, त्यांना तो इशारा कशाचा आहे हे दुसऱ्या कोणी समजावावे लागत नाही.

दाबाखेरीज तापमानाचाही उपयोग होतो. जखम फुटण्याआधी आतली जागा सुजून गरम होते. दोन्ही तळव्यांवरच्या त्याच जागेत 2.2 अंश सेल्सिअसपेक्षा जास्त फरक सलग दिसला तर चालणे कमी करून डॉक्टरांना पाय दाखवायचा, हा नियम अमेरिकेतल्या अनेक अभ्यासांत उपयोगी ठरला. काही मोज्यांत आणि इनसोलमध्ये आता असे सेन्सर असतात.

खबर नेमक्या क्षणी पोचली की काय होते याचे सुंदर उदाहरण पार्किन्सनच्या रुग्णांचे आहे. या आजारात चालता चालता पाय जमिनीला खिळल्यासारखे थिजतात. दारात, वळणावर, गर्दीत हे जास्त होते. गंमत अशी, की जमिनीवर आडवी रेघ दिसली तर तोच माणूस ती ओलांडून पाऊल टाकू शकतो. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी बुटाच्या टोकावर लेझर बसवला. एक पाय टेकला की त्याचा लेझर दुसऱ्या पायापुढे रेघ टाकतो, ती ओलांडली की दुसऱ्या बुटाची रेघ. 2017 च्या त्यांच्या अभ्यासात 19 रुग्ण होते. औषधाचा अंमल नसताना पाय थिजण्याचे प्रसंग या बुटांनी सुमारे 46 टक्क्यांनी घटले. इथे बूट तक्रार करत नाही, वाट दाखवतो.

दुसरे उदाहरण याहून नवलाचे. 2003 मध्ये बोस्टन विद्यापीठातल्या जेम्स कॉलिन्स आणि सहकाऱ्यांनी इनसोलमध्ये इतकी मंद थरथर सोडली की ती पायाला जाणवतही नव्हती. तरीही उभे असताना वृद्धांचे डोलणे कमी झाले. नसांपर्यंत पोचता पोचता विरून जाणारा अशक्त संकेत थोड्या अनियमित थरथरीच्या आधाराने उंबरठा ओलांडतो, असे त्याचे स्पष्टीकरण आहे.

भारतातही थरथरणारे बूट झाले. अनिरुद्ध शर्मा यांनी अंधांसाठी कल्पिलेले ले चल हे पादत्राण 2014 च्या सुमारास हैदराबादच्या डुसेरे कंपनीने बाजारासाठी घडवले. फोनवर ठिकाण ठरवायचे, आणि वळण आले की त्या बाजूचा बूट थरथरतो. कान मोकळे राहतात, हा त्यातला मोठा विचार. अंध माणूस रस्ता कानांनी पाहतो, आणि त्याच्या कानात सूचना कोंबणे म्हणजे त्याचे डोळे झाकणे.

या सगळ्यांना वीज लागते, आणि बूट चार्ज करायची आठवण रोज राहत नाही. चालण्यातूनच वीज घ्यावी हा विचार म्हणून पुन्हा पुन्हा येतो. 68 किलोच्या माणसाच्या चालण्यात सुमारे 67 वॉट शक्ती उतरते, असा हिशेब संशोधक थॅड स्टार्नर यांनी 1996 मध्ये मांडला होता. पण ती सगळी घ्यायला गेलो तर वाळूत चालल्यासारखे पाय भरून येतील. चालीला न जाणवता घ्यायची, तर 1998 मध्ये एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये जोसेफ पॅराडिसो आणि सहकाऱ्यांना बुटातून एक-दोन मिलीवॉटच मिळाले. तेवढ्यावर काही पावलांनंतर एक छोटा रेडिओ संकेत सोडता येत होता. पाव तासातून एकदा इशारा देणाऱ्या यंत्राला अशी काटकसर जमण्यासारखी आहे. फोनच्या अ‍ॅपवर विसंबलेल्या बुटाचे दुखणे आणखी वेगळे. नायकीने आपोआप नाड्या आवळणाऱ्या अ‍ॅडॅप्ट बुटांचे अ‍ॅप 2024 मध्ये मागे घेतले. बुटावरची बटने चालतात, पण अ‍ॅपमधून करायच्या गोष्टी गेल्या. खेळाच्या बुटात हे खपून जाईल. जखमेपासून वाचवणाऱ्या बुटाची जबाबदारी मात्र विकल्यानंतरही वर्षानुवर्षे उचलावी लागेल, आणि ती खरेदीच्या वेळीच लिहून घ्यायला हवी.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर अडचण याच्याही अलीकडे आहे. मँचेस्टरचा रुग्ण सकाळी बूट चढवतो आणि दिवसाचा बराच भाग ते त्याच्या पायात असतात. आपल्याकडे चप्पल उंबऱ्याबाहेर राहते. स्वयंपाकघर, देवघर, अंगण, सगळे अनवाणी. देवळाच्या तापलेल्या फरशीवर प्रदक्षिणा घालून बधिर तळव्यांना फोड येतात आणि घरी येईपर्यंत पत्ता नसतो. दाराशी ठेवलेल्या बुटातला सेन्सर यातले काहीही टिपू शकत नाही. बधिर पायाने घरातही अनवाणी चालू नये, असे मधुमेही पायांचे डॉक्टर जगभर सांगतात. आपल्या घरांत ते पाळायचे, तर घरातली चप्पल वेगळी ठेवावी लागते, आणि ती बाहेर जाणार नाही याची सगळ्यांना खात्री पटावी लागते.

कुष्ठरोगाच्या कामात यावर एक साधे साधन कधीच रुळले आहे: एमसीआर चप्पल. मऊ, बारीक छिद्रांचे रबर आतल्या बाजूला, टणक तळ खाली, मागे पट्टा, आणि खिळा एकही नाही. सरकारी कुष्ठरोग कार्यक्रमात ती मोफत मिळते, आणि मधुमेहाच्या बधिर पायांनाही डॉक्टर ती सुचवतात. सेन्सरची इनसोल इथल्या माणसाच्या पायात जायची असेल, तर तिला बंद बुटातून या चपलेत यावे लागेल. नळाखाली धुता येईल, चिखलात भिजली तरी चालेल, पट्टा तुटला तर चांभाराकडे शिवता येईल आणि सेल गावच्या दुकानात मिळेल, अशी ती हवी. आणि ती येईपर्यंत रोज रात्री झोपण्यापूर्वी चांगल्या उजेडात पाय पाहायचे. तळव्याखाली आरसा धरायचा, टाच, चवडा, अंगठ्याचे टोक आणि बोटांच्या बेचक्या तपासायच्या, दोन्ही तळव्यांना हाताची पाठ लावून एखादी जागा जास्त गरम लागते का ते पाहायचे. ज्यांची नजर अधू आहे किंवा ज्यांना वाकवत नाही, त्यांचे पाय घरातल्या दुसऱ्याने पाहायचे.